म्हैस पान्हा चोरत नाही

मुळशी तालुक्यातल्या एका तरुण पशुपालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या बाजारातून आणलेली दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस, व्यायल्यावर बाराव्या दिवशी पारडू गेलं. तेव्हापासून ती पान्हा सोडत नाही, म्हणजे कासेतलं दूध सडांत उतरतच नाही. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून दीड महिना दोन्ही वेळा इंजेक्शन टोचून धार काढतोय. सुरुवातीला अर्ध्या मिलीत काम व्हायचं, आता दीड मिली लागतं. एक दिवस न टोचता बघितलं तर जेमतेम दोन लिटर दूध निघालं आणि डेअरीत फॅटही फार कमी लागली. वडील म्हणतात, ही म्हैस चोर आहे, विकून टाक. ती मुद्दाम करते का, इंजेक्शनने नुकसान होतं का, आणि दुसरा काही मार्ग आहे का?

मी पुण्यात राहतो आणि मुळशी, हवेली, खेड या पट्ट्यात २८ वर्षं म्हसरांवर उपचार करतोय. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी वडिलांच्या शब्दाबद्दल. ‘पान्हा चोरते’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण चोरण्यासाठी वस्तू स्वतःच्या ताब्यात असावी लागते. पान्हा म्हशीच्या ताब्यात नसतो. जशी भीतीने छाती धडधडते आणि ती आपल्याला ठरवून थांबवता येत नाही, तसंच हे आहे.

कासेत दूध दोन ठिकाणी असतं. बहुतेक दूध वर, अगदी बारीक फुग्यांसारख्या पुंजक्यांत असतं. थोडं खाली, सडाच्या वरच्या टाकीत उतरलेलं असतं. गाईमध्ये साधारण पाचवा हिस्सा दूध धारेच्या आधीच या टाकीत आलेलं असतं. म्हशीत ते जेमतेम ५ टक्के असतं. केरळात मुऱ्हा म्हशींवर मोजमापं झाली, त्यांत हाच आकडा आला. म्हणजे गाय थोडी बिचकली तरी बादलीत पहिलं दूध पडतं, आणि आपल्याला वाटतं गाय देते. म्हशीचं तसं नाही. पान्हा आला नाही तर सड मोकळ्या पिशवीसारखे लुळे राहतात, आणि कितीही पिळलं तरी चार धारा. शिवाय म्हशीच्या सडाचं तोंड घट्ट असतं, त्यामुळे ओढाओढ वाढते आणि तिला दुखतं. दुखलं की पान्हा अजून लांब.

वरचं ९५ टक्के दूध खाली उतरवायचं तर त्या बारीक फुग्यांभोवतीचे पेशींचे जाळे आवळावे लागते. तो निरोप मेंदूतून रक्तावाटे येतो, त्याचं नाव ऑक्सिटोसिन. पारडाने सडाला तोंड लावलं, ओळखीचा हात कासेवर फिरला, समोर आंबोण (भिजवलेला खुराक) आली, चरवीचा आवाज झाला, की हा निरोप सुटतो. गाईमध्ये पान्हा यायला बहुधा एखादं-दोन मिनिटं लागतात. म्हशीला सहज दोन-तीन मिनिटं, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पटही. आणि एकदा सुटलेलं ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटांपुरतंच टिकतं. या आकड्यांचा गोठ्यात अर्थ एवढाच की घाई केली तर पान्हा येण्याआधीच आपण सड ओढतो, आणि पान्हा आल्यावर रेंगाळलो तर उतरलेलं दूध निम्मं आत राहतं.

हा निरोप रक्तातून येतो हे कसं कळलं, ते मला कायम सांगावंसं वाटतं. अमेरिकेत ईली आणि पीटरसन या दोघांनी १९४१ साली एका गाईच्या अर्ध्या कासेच्या नसा तोडल्या. तरी दोन्ही अर्ध्यांत पान्हा सारखाच आला. म्हणजे निरोप नसेतून थेट कासेत येत नाही, रक्तातून येतो. मग त्यांनी गाईला घाबरवलं. तिच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा थांबला. भीतीच्या वेळी अंगात सुटणारं ॲड्रेनॅलिन पान्ह्याच्या आड येतं, हे तिथून पुढे आलं. आपल्याकडे ते मांजर आणि त्या पिशव्या रोज वेगळ्या रूपात असतात. शेजारच्या प्लॉटवर ब्रेकर चालू असतो, लग्नाच्या वरातीचा डीजे असतो, गोठ्यात शिरलेलं कुत्रं असतं, किंवा धार काढणाराच काठी आपटतो.

पण तुमच्या म्हशीच्या बाबतीत नुसतं ॲड्रेनॅलिन पुरेसं उत्तर नाही. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातले रूपर्ट ब्रुकमायर यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. गाई अनोळखी जागी नेऊन धार काढली आणि त्याच वेळी रक्त तपासलं, तेव्हा दिसलं की ऑक्सिटोसिन रक्तात वाढतच नाही. कास ठीक, दूध आहे, निरोप मिळाला तर कास आवळतेही. पण मेंदू निरोप सोडत नाही. तुमच्या म्हशीचं हेच झालं आहे. ती नव्या गोठ्यात आली, नवी माणसं, आणि बारा दिवस ज्या एका ओळखीवर निरोप सुटत होता, ते पारडू गेलं. दोन्ही खुणा एकदम तुटल्या. तिच्यापाशी निरोप सुटावा असं काही उरलं नाही. यात कसलाही हट्ट नाही.

आता फॅटचं. धारेचं पहिलं दूध पातळ असतं आणि शेवटचं घट्ट. चरबीचे कण वरच्या पुंजक्यांत अडकून राहतात आणि शेवटी उतरतात. पान्हा अर्धवट आला की आपल्या चरवीत येतं ते पातळ दूध, आणि सायीचं दूध कासेतच. तुम्हाला दर मिळतो तो म्हशीच्या ६ फॅट आणि ९ एसएनएफच्या (फॅट सोडून बाकीच्या घनपदार्थांच्या) हिशेबावर, त्यामुळे तोटा लिटरमध्ये दिसतो त्याहून जास्त असतो. त्याहून वाईट म्हणजे आत राहिलेलं दूध कासेला सांगतं की इथे खप नाही, कमी बनव. दूध बनवणाऱ्या पेशींवर स्थानिक पातळीवर काम करणाऱ्या या इशाऱ्यात सेरोटोनिनचा मोठा भाग आहे, असं अलीकडच्या संशोधनातून पुढे आलंय. काही आठवडे असं चाललं की ती आटते, आणि मग आपण म्हणतो, बघा, दूधच नव्हतं.

कॅनडात जेफ्री रशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गाईंना दोन माणसांची ओळख करून दिली, एक गोंजारणारा, एक मारझोड करणारा. मग धारेच्या वेळी वाईट वागणारा माणूस नुसता समोर उभा केला. हात लावला नाही, ओरडला नाही. तरी कासेत उरलेलं दूध ७० टक्क्यांनी वाढलं. मी हे वाचलं तेव्हा मला हवेलीतला एक गोठा आठवला. तिथे एक गडी गव्हाणीपाशी आला की तीन म्हशी एकदम शेपट्या अंगाशी घेत. मालक म्हणे, तो फार प्रामाणिक आहे, पहाटे चारला येतो. खरंच प्रामाणिक होता. पण त्याच्या हातात कायम पाइपचा तुकडा असे. तो पाइप बंद झाला आणि पंधरा दिवसांत त्या तिन्ही म्हशींची फॅट वर आली.

इंजेक्शनचं बोलू. ते आहे ऑक्सिटोसिनच. त्याची रासायनिक रचना व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी शोधून ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि १९५५चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. औषध म्हणून ते मोलाचं आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला दवाखान्यात ते लागतंच. मीही वापरतो: व्यायल्यावर वार (जार) अडकली, पहिलारू घाबरून कास दगडासारखी झाली, तर एखाद-दुसऱ्या वेळेला, मोजून. पण गोठ्यात रोज टोचलं जातं ते बहुधा लेबल नसलेल्या पांढऱ्या बाटलीतलं असतं. त्याची तीव्रता किती, ते निर्जंतुक आहे का, कुणाला माहीत नसतं. आणि डोस म्हशीच्या अंगात स्वतःहून सुटणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट असतो.

अर्ध्याचा दीड मिली का झाला, त्याचं उत्तरही ब्रुकमायर यांच्याच कामात आहे. त्यांनी २००३ मध्ये दाखवलं की गाईंना रोज ऑक्सिटोसिन देत राहिलं आणि मग बंद केलं, तर त्यांचा स्वतःचा पान्हा कमी पडतो. गंमत नाही, लक्ष देऊन वाचा: मेंदूतून निरोप सुटत होता, कासच त्याला प्रतिसाद कमी देत होती. रोज कानाशी ढोल वाजवल्यावर हाक ऐकू येईनाशी व्हावी तसं. म्हणजे तुमच्या म्हशीचं दुखणं आधी एका ठिकाणी होतं, मेंदूत. आता दोन ठिकाणी झालंय. डोस वाढवत नेला तर हे वाढतच जाईल. ती माजावर येऊन भरवून घेतली असेल, तर गाभणपणात हे औषध गर्भाशयही आवळतं, हेही ध्यानात ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण पुण्यातले दूध घेणारे मला हे नेहमी विचारतात: असं दूध प्यायल्याने मुली लवकर वयात येतात का? ऑक्सिटोसिन ही अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे, ती पोटात पचते. या भीतीला पुरावा मिळालेला नाही. मला काळजी म्हशीची आहे.

आणि कायद्याची गोष्ट. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काहीही टोचणं हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याच कलमात फुंक्याचंही नाव आहे. जननमार्गात हवा फुंकून पान्हा आणायची ती जुनी, अघोरी रीत. तिथे ताण बसला की मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, म्हणून दूध उतरायचं. फुंक्याबद्दल कळल्यावर गांधीजींना गाई-म्हशींच्या दुधाचा तिटकारा आला होता. सुई आली आणि फुंका मागे पडला. पण वाट तीच: जनावराच्या इच्छेला वळसा घालून कास रिकामी करायची.

मार्ग आहे. पंढरपुरी म्हैस बघा. कोल्हापुरात गंगावेशीत म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात, फेसाळ दूध तिथेच पेल्यात. गर्दी, गाड्या, माणसं, आणि म्हैस रवंथ करत पान्हा सोडते. म्हशीचा मेंदू पारडाला कायमचा बांधलेला नसतो, तो खुणेला बांधलेला असतो. खूण बदलता येते. ती रोज तीच, त्याच वेळी, त्याच क्रमाने आली पाहिजे.

सुरुवात तपासणीपासून करा. चारही सडांची पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या, गाठी दिसतात का बघा. कास कुठे कडक, गरम लागते का. दगडी, म्हणजे कासेची सूज, दबा धरून असेल तर प्रत्येक धार तिला दुखते आणि पुढचं सगळं वाया जातं. सडाला चीर आहे का, मागच्या खुरात जखम आहे का, हेही पाहा. डॉक्टरांकडून एकदा दगडीची चाचणी करून घ्या.

मग माणूस ठरवा. एकच. तुमच्या घरात ज्याचा हात सावकाश आहे तो, मग ती आई असो वा तुम्ही. धारेच्या वेळेखेरीज दिवसातून दोनदा त्याने तिच्यापाशी जावं, खरारा करावा, मानेखाली खाजवावं. जनावरं एकमेकांना चाटतात तीच जागा. आणि बोलावं. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात २०२० मध्ये २८ कालवडींवर हे करून बघितलं: गोंजारताना एकदा माणूस स्वतः बोलला, एकदा त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. दोन्ही वेळा त्या निवांत झाल्या, पण समोर बोलणाऱ्या माणसानंतर हृदयाची गती जास्त शांत राहिली. म्हणून मोबाइलवर गाणी लावून ठेवण्यापेक्षा ‘ये गं, सरक गं’ म्हणणारं माणूस बरं. ब्रिटनमध्ये ५१६ शेतकऱ्यांच्या पाहणीत, गाईंना नावाने हाक मारणाऱ्यांकडे एका वेतात २५८ लिटर दूध जास्त आढळलं होतं. नावाने दूध वाढतं असं याचा अर्थ मी काढत नाही. जो नाव ठेवतो तो जवळ जातो, एवढंच. तुम्ही तिला नाव ठेवलं नसेल तर ठेवा.

धारेचा क्रम असा ठेवा. आधी आवाजाची एक खूण, चरवीवर दोनदा टिचकी किंवा तिचं नाव. मग आंबोण समोर, आधी नाही आणि नंतर नाही, फक्त धारेच्या वेळी. खाताना ऑक्सिटोसिन स्वतःहून सुटायला मदत होते. सरकी थोडी भिजवून, वर चिमूटभर मीठ. मग कोमट पाण्याने कास धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि दोन्ही तळवे लावून वरून खाली, पारडू ढुशी देतं तसं हलकं हलकं चोळायचं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. सडाला हात नाही. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. मी स्वतः गुडघ्यावर बसून घड्याळ लावतो. तळवा कासेवर असला की कळतं: आधी सड गार, सुरकुतलेले, मग एकाएकी त्यांत भार येतो, कातडी ताणून गुळगुळीत होते, बोट लावलं की आतून दाब लागतो. कधीकधी टोकाला एक थेंब येऊन थांबतो. तेव्हाच मूठ लावायची. पूर्ण मुठीने, अंगठा मुडपून नाही, आणि मध्ये फोन न घेता पाच-सात मिनिटांत संपवायचं.

सुई एकदम तोडू नका. आज बंद केलीत तर कास भरून राहील आणि दगडीला निमंत्रण. तुमच्या डॉक्टरांना सांगून नीट लेबल असलेलं औषध घ्या, बारीक खुणांच्या सिरिंजने मोजा, आणि दर चार-पाच दिवसांनी चतुर्थांश कमी करा. वरचा क्रम पहिल्या दिवसापासून पूर्ण. टोचायचं ते कास चोळून झाल्यावर, आधी नाही. तिला आधी संधी मिळू दे. काही म्हशी सुईच्या स्पर्शालाच सरावलेल्या असतात. अशांना मी शेवटच्या आठवड्यात नुसतं निर्जंतुक सलाइन टोचतो आणि तरी पान्हा येतो. मग तेही थांबतं. दूध मध्ये एक-दोन लिटर खाली येईल, ते सोसा. तीन ते पाच आठवड्यांत बहुतेक वळणावर येतात. माझ्या हातून न वळलेल्याही आहेत, विशेषतः वर्षभर सुईवर काढलेल्या.

उन्हाचे दिवस असतील तर धारेआधी अर्धा तास अंगावर पाणी मारा. म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फार कमी, कातडी काळी. धापणारी म्हैस पान्हा सोडायच्या मनःस्थितीत नसते.

भोताबद्दल कोणीतरी सांगेलच, मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून समोर ठेवायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत वासामुळे ते चालतं, हे मी पाहिलंय. तुम्हाला आता दीड महिना उलटलाय. तो मार्ग गेला. वासाचाच दुसरा उपयोग मात्र होतो. भूगाव भागात एक बाई माहेरी बाळंतपणाला गेल्या आणि म्हैस अडली. त्यांच्या सासूबाई सुनेचं न धुतलेलं लुगडं नेसून धारेला बसल्या, तिसऱ्या दिवशी पान्हा आला. तुमच्याकडे ज्याला धारेला बसवाल त्याचे धारेचे कपडे वेगळे ठेवा, तेच रोज.

आणि पारडाचं. बाराव्या दिवशी गेलं म्हणता, त्याआधी हगवण होती का, पोट फुगलं होतं का? म्हशीच्या पारडांना मोठा गोल जंत आईच्या दुधातूनच येतो, आणि आपल्याकडे दोन-तीन आठवड्यांची पारडं त्याने फार जातात. पुढच्या वेताला पहिल्या तासाभरात चीक पाजा, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका दिवसभरात, आणि दहा ते चौदा दिवसांच्या दरम्यान जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या. जमलं तर पारडू पहिल्या दिवसापासून आईच्या नजरेआड ठेवून बाटलीने वाढवा. मग तिची खूण सुरुवातीपासून तुमचा हातच होईल.

उद्या पहाटे सुईआधी तीन मिनिटं कास चोळून बघा आणि सड भरले की नाही ते तारखेसह वहीत लिहा. डोस, लिटर आणि फॅट हेही शेजारी. दहा दिवसांची वही झाली की मला कळवा, पुढचा डोस त्यावरून ठरवू.